थॉर्नबी कुणाचं ऐकते

आठ वर्षांच्या संसारात गुणमाला माहेरच्या तीन लग्नांना गेली होती, आणि एकाही लग्नात तिला अक्षता टाकायला मिळाल्या नव्हत्या. पहिल्या लग्नाला ती पोचली तेव्हा शेवटची पंगत उठत होती. दुसऱ्याला मांडव सोडत होते. थोरल्या भावाच्या, म्हणजे कल्लाप्पाच्या लग्नात तर नवरानवरी देवदर्शनाला निघालेली वाटेतच भेटली आणि आहेर रस्त्याकडेला उरकावा लागला. तिन्ही वेळचं कारण एकच, ते म्हणजे नवऱ्याची मोटरसायकल.

तिचं नाव थॉर्नबी. लढाई संपल्यावर पलटणीने मोडीत काढलेली ती गाडी नवऱ्याने, जयपालने, एका पेन्शनर हवालदाराकडून घेतली होती. तासगावच्या बाजूला कुणाच्या हातात चार पैसे आले की तो मद्रासच्या बुलेटला नंबर लावायचा. बुलेटचे भाग सांगलीत मिळत आणि तिला हात घालणारा मिस्त्री कुठेही सापडे. थॉर्नबीचा मिस्त्री सांगलीत नव्हता, पुण्यात नव्हता, आणि तिची कंपनी विलायतेत कधीच बुडाली होती. हे सगळं जयपाल छाती काढून सांगे. बुडालेल्या कंपनीचा अभिमान बाळगणारा दुसरा माणूस गुणमालेने पाहिला नव्हता.

एकदा तिने सरळच विचारलं, की चारचौघांसारखी बुलेट घ्यायला काय होतं?

"बुलेट कुणाचंबी ऐकती," जयपाल म्हणाला. "धनी बसू दे न्हाईतर चोर बसू दे. ही फकस्त माझं ऐकती."

"तुमचं तरी कवा ऐकती?"

जयपाल हसला आणि फडकं घेऊन गाडी पुसायला लागला. गुणमालेनेही मग विषय सोडला, कारण खरं काय ते तिला ठाऊक होतं. घरात हळद किती लावायची ते सासरे ठरवत आणि हळद कधी विकायची ते थोरले दीर. जयपालला कुणी काही विचारत नसे. पण थॉर्नबी कुठेही बंद पडली की दहा माणसं गोळा होत आणि दहाच्या दहा जण जयपालला विचारत, की आता काय करायचं. त्या वेळी त्याचा चेहरा असा काही फुले, की मागे ताटकळत उभ्या गुणमालेला धड रागावताही येत नसे.

पण या खेपेला लग्न धाकट्या बहिणीचं, चंदनबालाचं होतं. गुणमालेने तिला कडेवर घेऊन वाढवली होती. वडिलांचं, आप्पांचं, साताऱ्यात कापडाचं दुकान होतं, आणि गावाच्या कडेला घरासमोरच मांडव पडणार होता. मुहूर्त साडेनऊचा, असं आप्पांनी कार्डावर मुद्दाम स्वतःच्या हाताने कळवलं होतं. ते वाचून गुणमालेने जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी जयपालने देवासमोर हात जोडून शब्द दिला, की चंदनबालाच्या अक्षता चुकल्या तर थॉर्नबी भंगारात घालीन आणि बुलेटला नंबर लावीन.

शब्द ऐकून गुणमाला आधी हरखली आणि मग चक्रावली. अक्षता मिळाल्या तर ही अवदसा जन्मभर दारात राहणार. अवदसा जायला हवी, तर बहिणीच्या अक्षतांना मुकावं लागणार. नवऱ्याने शब्द असा बेताने दिला होता की इकडे आड, तिकडे विहीर.

दोघं पहाटे निघाली. विटा गेलं. कडेगाव आलं. तिथे आकाराम लोहाराच्या दारात थांबायचं हा थॉर्नबीचा नेम होता. पण आज ती थांबली नाही. आकारामला वाटलं काही राग आला की काय, तो पान्हा हातात घेऊन बैलगाड्यांच्या मधून हाका मारत धावला. उंब्रजला चहावाल्या बनुबाईने नेहमीप्रमाणे आवाज ऐकूनच चहाला आधण ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. आठ वर्षांत गुणमालेने बनुबाईकडे दोन लेकींच्या बाळंतपणांच्या हकिकती आणि एका सुनेचं गाऱ्हाणं ऐकलं होतं. आज नुसता हात हलवून पुढे जाताना तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

नऊला दहा कमी असताना थॉर्नबी मांडवापुढे उभी राहिली. मांडवात एक कुत्रं झोपलं होतं. आचारी कांदा नसलेली आमटी ढवळत होता. चंदनबाला हळदीच्या अंगाने दारात आली आणि बहिणीला बघून आप्पांना हाका मारायला लागली. आप्पा आंघोळीहून ओल्या पंचानेच बाहेर आले, जावयाला बघितलं आणि परत आत गेले.

मुहूर्त बारा वाजून पंचवीस मिनिटांचा होता. साडेनऊची वेळ आप्पांनी फक्त या दोघांसाठी काढली होती, तीन तासांची सूट धरून.

भावकीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.  जयपाल मांडवाच्या कडेला जाऊन गाडीजवळ बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेवर आला होता, आणि तेही खोट्या वेळेवर. गुणमालेच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीला शिव्या घालायचा हक्क तिचा होता, आठ वर्षं ऊन खाऊन कमावलेला. तो या बायकांना कुणी दिला? तिने आप्पांना आत गाठून चांगलं खडसावलं. आप्पा नुसते धोतर नेसत राहिले.

अकराला नवीन घोळ झाला. लग्न लावणारे उपाध्ये चार मैलांवरच्या गावाहून यष्टीने यायचे होते, ती यष्टी त्यांच्या गावाला न थांबताच निघून गेल्याचा निरोप आला. कल्लाप्पा बुलेट घेऊन वऱ्हाड आणायला गेलेला. आप्पांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी जावयाकडे बघितलं. जयपाल कपडे झटकत उठला.

"आन्तो की," तो म्हणाला. 

वऱ्हाड आलं, मुंडावळ्या बांधून झाल्या. बारा वाजले, पाच मिनिटं वर झाली. सगळे रस्त्याकडे डोळे लावून होते, गुणमालेने मात्र कान लावले. आणि तिला आवाज आला. ओढ्याजवळच्या चढाच्या पायथ्याला थॉर्नबी होती. ती आली, आली, आणि तीनदा खोकून गप्प झाली.

मांडवात बाकी कुणाला काही कळलं नाही. गुणमालेला सगळं कळलं. खटकन बंद पडली तर ठिणगीचा घोळ, खोकून बंद पडली तर पेट्रोलचा. आठ वर्षं रस्त्याकडेला उभं राहून माणूस आणखी काय शिकणार? तिने शालूचा काष्टा मारला आणि ओढ्याकडे धाव घेतली. कल्लाप्पा मागून ओरडला की थांब, बुलेट काढतो. पण त्याची बुलेट वऱ्हाडाच्या ट्रकमागे अडकली होती.

चढाच्या पायथ्याला उपाध्ये पूजेचं गाठोडं मांडीवर घेऊन दगडावर बसले होते. त्यांचे गुडघे चढ चढणारे नव्हते. जयपाल घामाघूम होऊन ठिणगीचा प्लग पुसत होता. भोवती सहा गुराखी जमले होते आणि सहाही जण त्याला विचारत होते, की आता काय करायचं. आज त्याचा चेहरा फुलला नव्हता.

"प्लगाला हात लावू नगा," गुणमाला म्हणाली. "जेटात कचरा हाय. सरका."

जयपाल सरकला. तिने पान्ह्याने कार्बोरेटरखालचा नट सोडला, जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, बाहेर काढून उजेडासमोर धरलं, वेणीतला एक लांब केस उपटून त्याच्या भोकातून ओवला, दोनदा फुंकर मारली आणि सगळं होतं तसं बसवलं. मग किकवर पाय ठेवायची जागाही तिनेच नवऱ्याला दाखवली. थॉर्नबी पहिल्या किकला सुरू झाली. गुराख्यांनी आता जयपालकडे बघायचं सोडून गुणमालेकडे बघायला सुरुवात केली. तिला जे वाटलं, ते आठ वर्षांत कधी वाटलं नव्हतं. हा माणूस या गाडीवर एवढा जीव का टाकतो, ते तिला आत्ता कळलं.

उपाध्ये मागे बसले, त्यांच्यामागे गाठोडं घेऊन गुणमाला बसली. बारा वाजून बावीस मिनिटांनी तिघं मांडवात शिरली. ग्रीसने काळ्या झालेल्या हाताने गुणमालेने अक्षता घेतल्या आणि बहिणीच्या डोक्यावर टाकल्या. त्या काळपट पडल्या. चंदनबाला रडली आणि हसलीही.

जेवणं झाल्यावर जयपाल तिच्याजवळ आला. शब्दाप्रमाणे गाडी राहणार होती, पण त्याचा आवाज पडला होता. तो म्हणाला की आज तिने अक्षता मिळवल्या, त्याने नव्हे, तेव्हा उद्या तो बुलेटला नंबर लावणार.

"काय नंबर लावू नगा," गुणमाला नखातलं ग्रीस काढत म्हणाली. "बुलेट कुणाचंबी ऐकती. ही फकस्त माझं ऐकती."

परतताना कडेगावात थॉर्नबी काही बंद पडली नाही. तरी गुणमालेने ती आकारामच्या दारात थांबवायला लावली, आणि खाली उतरून, चार माणसं जमेपर्यंत, पान्हा हातात घेऊन उभी राहिली.