शंकासूर बाईंचा शोध

शर्टाला आजही तोच वास होता.

धुवायला टाकण्याआधी तिने तो पुन्हा नाकाशी धरला. इस्पितळातल्या फरशीला येतो तसा उग्र, जंतुनाशकाचा वास. नवरा आतल्या खोलीत टेबलावर वाकून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडत होता. डोळ्याला भिंग, मान खाली.

"अहो, काल दुपारी कुठे गेला होतात?"

"बाजारात. सुटे भाग बघायला."

"आणि परवा?"

"परवाही बाजारातच. का गं?"

"काही नाही. सहज."

सहज म्हणून तिने आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. ती पेटंट कार्यालयात तपासनीस होती. कुणी नवं औषध, नवं यंत्र, नव्या धाटणीची सुई शोधल्याचा दावा घेऊन यायचा, आणि हे आधी कुणी केलेलं नाही ना, हे तिने जगभरची जुनी पेटंटं उपसून ठरवायचं. समोरचा थापा मारतोय असं धरूनच ती फाईल उघडायची. कार्यालयात तिला पाठीमागे 'शंकासूर' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

नवऱ्याचा हात मोठा गुणी. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो काही ना काही करून तिला दाखवायला आणायचा. अंधांना बोटांनी चाचपून वेळ कळावी असं घड्याळ. गोळीची वेळ झाली की आपोआप उघडणारी डबी. ती कणीक मळता मळता एक नजर टाकायची आणि म्हणायची, "झालंय हे. फार पूर्वीच झालंय." दुसऱ्या दिवशी पुरावाही आणून दाखवायची. आपला माणूस बाहेर तोंडघशी पडू नये, एवढाच तिचा हेतू. पुढे त्याने दाखवणं बंद केलं. कधी बंद केलं, ते मात्र तपासनीस बाईंच्या ध्यानात आलं नाही.

धाकट्या बहिणीला तिने फोनवर वासाचं सांगितलं. बहीण आधी हसली, मग म्हणाली,

"ताई, अत्तराचा वास येत असता तर मी तुझी चेष्टा केली असती. पण दवाखान्याचा येतोय म्हणतेस. भाऊजींची तब्येत बरी आहे ना?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता ते जाईना. त्याचं कमी झालेलं जेवण, जिना चढताना थांबणं, रात्री उठून बसणं, सगळं एका सुतात ओवलं गेलं. दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नवरा पिशवी घेऊन निघाला तशी अंतर राखून त्याच्या मागे निघाली.

बाजाराच्या वळणावर तो वळला नाही. सरळ जाऊन मोठ्या इस्पितळाच्या फाटकात शिरला. पहारेकऱ्याने त्याला ओळखीचा हात केला. पहारेकरी ओळखतो म्हणजे दुखणं जुनं आहे! कठड्याला धरून ती त्याच्या मागोमाग जिना चढली.

वॉर्डाच्या काचेतून तिला तो दिसला. एका खाटेशी वाकला होता. खाटेवरच्या माणसाच्या गळ्यात नळी होती.

"कोणाला भेटायचंय?" मागून सिस्टरने विचारलं.

"त्यांना... त्यांना काय झालंय?"

"कोणाला, काकांना? त्यांना काय धाड भरलीय! ते आमचे घड्याळवाले काका."

सिस्टर बोलकी होती. गळ्यात नळी असलेल्या माणसाने कूस बदलली की नळी ओढली जायची. बिचाऱ्याला ओरडताही यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी काकांचे मित्र इथे होते, छत्र्या दुरुस्त करणारे. त्यांचे हाल बघवेनात म्हणून काकांनी नळी धरून ठेवणारं हे यंत्र बनवलं. मित्र गेले, पण काका येतच राहिले. आता वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला ते आहे.

"मोठ्या डॉक्टरांनी परिषदेतसुद्धा दाखवलं," सिस्टर म्हणाली.

"कुणाच्या नावानं?" तिने झटकन विचारलं.

"काकांच्याच! पडद्यावर त्यांचा फोटो होता की."

खाटेच्या कठड्याला एक लहानसा पितळी हात बसवलेला होता. रुग्णाने मान वळवली तसा तोही अलगद वळला, नळी सैल धरून. रुग्णाच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही.

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्यावर घसरली. "मला का नाही सांगितलंत? जीव टांगणीला लागला होता माझा!"

तो बाकावर बसला. "सांगितलं असतं तर तू शोधायला बसली असतीस. आणि तुला सापडलं असतं."

"मग?"

"मग मी ते टाकून दिलं असतं. आणि मित्र तर तिथे तळमळत होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचा सगळा आठवडा ती कार्यालयात आपलं काम संपलं की शोधत बसे. दरवेळी सापडावं म्हणून शोधायची सवय. आता प्रत्येक पान उलटताना सापडू नये असं वाटे. पट्टे सापडले, चिमटे सापडले, स्क्रूने आवळायच्या दांड्या सापडल्या. माणसाबरोबर आपसूक वळणारं काही सापडलं नाही. शुक्रवारी ती जवळजवळ धावतच साहेबांच्या खोलीत गेली आणि यजमानांना अर्ज करायचाय म्हणाली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "वापरात कधीपासून आहे?"

"दोन वर्षं."

"कुठे जाहीर दाखवलंय?"

"परिषदेत..." म्हणतानाच तिच्या ध्यानात आलं. लोकांसमोर आलेलं कायद्याने नवं उरत नाही. हेच कारण लिहून तिने कितीतरी जणांचे अर्ज परत पाठवले होते.

साहेब हळहळले. "बाई, दाखवण्याआधी त्यांनी तुम्हाला एका शब्दानं विचारायचं तरी. घरातच तर तपासनीस."

संध्याकाळी ती त्याच्या टेबलाशी उभी राहिली.

"ते नळीचं तुमचं. मी शोधलं."

त्याचा हात थांबला. "कुणी केलंय आधी?"

"कुणीच नाही."

"नीट बघ. नजरेतून सुटलं असेल तुझ्या."

"आठवडाभर बघतेय. कुठेही नाही."

त्याने भिंग काढलं. "म्हणजे माझंच आहे ते."

"तुमचंच. पण आता पेटंट नाही मिळायचं. आधीच सगळ्यांसमोर आलं ना. मला आधी कळलं असतं तर..." त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शर्टाच्या टोकाने तो भिंग पुसत होता, पुसून झालं तरी पुसत होता.

ती स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. "आणखी काय काय केलंत, मला न दाखवता?"

"होतं काहीबाही."

"कुठे आहे?"

"मोडलं. पितळ चांगलं होतं, स्प्रिंगच्या कमानी चांगल्या होत्या. लोकांच्या घड्याळांत घातल्या."

"काय होतं ते? आठवतंय का?"

तो बराच वेळ आठवत राहिला. मग त्याने नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या घड्याळाचे टोले पडू लागले. त्याने मान जराशी तिकडे कलती केली.

"त्यातली एक कमान तिथे आहे," तो म्हणाला.

शेवटचा टोला विरेपर्यंत दोघं ऐकत राहिली.