नवरीचा खडक

त्या धबधब्यावरून कुणी नवरी कधी पडली नव्हती. पडली होती ती गावातल्या त्सुम्ब्रुनांची गाय, आणि तीही मादलेनच्या आजेसासूच्या काळात. पण सांगतो कोण! ऐंशी वर्षांमागे कुणी एक जर्मन कवी पावसात अडकून दोन दिवस गावात राहिला, खिडकीतून ती पांढरी धार बघत बसला आणि घरी जाऊन कविता लिहून मोकळा झाला. नवरदेव लढाईत मेला, लग्नाच्या झग्यातली नवरी बूट काढून खडकाच्या टोकावर उभी राहिली, आणि झालं. शाळेशाळेतून पोरं ती कविता पाठ करायला लागली, मोठी झाली की आपापल्या बायकांना घेऊन तो खडक बघायला यायला लागली. ओढ्याचं जुनं नावसुद्धा पुसलं गेलं. नकाशावर ब्राउटबाख, म्हणजे नवरीचा ओढा, असं छापून आलं. समोर हॉटेल उभं राहिलं. आता एवढ्या लांबून माणसं आल्यावर त्यांना काय गाय दाखवायची?

तेव्हा नवरी दाखवायची असं ठरलं, आणि ते काम ग्लाटहार्डांच्या घराकडे आलं. कास्पर ग्लाटहार्ड गवताची माणसाएवढी बाहुली बांधायचा. तिला पांढरा झगा. तसाच झगा घालून त्याची मुलगी ट्रीनी दुपारी तीनला वर खडकावर उभी राहायची. खाली कठड्यापाशी त्याची बायको मादलेन ती कविता चालीवर म्हणायची. तिसरं कडवं संपलं की म्हातारा मेल्क आपलं लांबलचक लाकडी शिंग फुंकायचा. शिंग ऐकू आलं की ट्रीनीने एक पाऊल मागे सरून मोठ्या धोंड्याआड व्हायचं, आणि धोंड्याआडून कास्परने बाहुली ढकलायची. खालून बघणाऱ्याला वाटायचं, आत्ता होती आणि आत्ता गेली. बायका किंचाळायच्या, पुरुष टोप्या काढायचे. बाहुली वाहत वाहत खाली लाकूडगिरणीच्या जाळीला जाऊन लागायची. तिथून काढायची, पिळायची, वाळत घालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

गाणं संपलं की कुणी ना कुणी विचारायचंच, "खरंच घडलं होतं का हो हे?" मादलेन छातीवर हात ठेवून, नजर खाली करून म्हणायची, "खरं आहे, बाईसाहेब. आमच्याच घरातली होती ती." मग घरी येऊन मायलेकी पोट धरधरून हसायच्या. "आमच्याच घरातली, पण हंबरायची फार," असं ट्रीनी म्हणाली की मादलेनच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

हसायला त्या घरात दुसरं काही उरलं नव्हतं म्हणा. थोरली रोझली चार हिवाळे दरीच्या तोंडाशी असलेल्या काडेपेट्यांच्या कारखान्यात गेली होती. काड्यांना लावायच्या फॉस्फरसने आधी दात दुखले. मग जबडा सडायला लागला, इतका की शेवटी शेवटी आईलाही तिच्याजवळ बसताना श्वास धरावा लागे, आणि मादलेनला त्याचीच लाज सगळ्यात जास्त छळायची. बावीस वर्षांची पोर गेली. पुढच्याच वर्षी त्या कारखान्याच्या मुकादमाचा निरोप आला, धाकटीला पाठवा, थोरलीचा हात चांगला चालायचा. काळीज कशाचं असतं या लोकांचं, देव जाणे! पण हॉटेल ऑक्टोबरात बंद झालं की मे महिन्यापर्यंत गावात हाताला काम नव्हतं. नाही म्हणून म्हणून किती वेळा म्हणायचं?

अशात त्या वर्षीच्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात बाझेल शहराहून वर्टमानबाई आल्या. विधवा, श्रीमंत, हातात पितळी दुर्बीण. त्यांना ती कविता पाठ होती, नुसती पाठ नव्हे, एकेका शब्दाचा हिशेब होता. पहिल्या दिवशीचा खेळ बघून त्यांनी मादलेनला बोलावून घेतलं.

"मुलगी गोड आहे तुमची. उभं राहणं काय, मान वळवणं काय! पण बूट? खिळ्यांचे बूट दिसले मला झग्याखाली. कवितेत ती अनवाणी आहे."

"वर जागा ओली असते, बाईसाहेब."

"असेल. पण माझे यजमान गेले तेव्हा मी हीच कविता वाचत होते. एकदा जशीच्या तशी बघू दे मला." मग दुर्बीण पुसत पुसत त्या म्हणाल्या, "परवा मी निघतेय. घरात एक मुलगी हवीच आहे मला. उद्या मनासारखं झालं तर घेऊनच जाईन म्हणते."

बाझेल! चुलीजवळची खोली, रविवारी सुट्टी, आणि फॉस्फरसचा वास नाही. मादलेन घरी आली ती जवळजवळ पळतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रीनी नेहमीप्रमाणे वर जागा बघून आली. मादलेन बटाटे परतत होती.

"आई, आज काही खरं नाही. तुषार गोठलेत. खडकावर पापुद्रा धरलाय काचेसारखा."

"दुपारपर्यंत उतरेल."

"कशाने उतरेल? सप्टेंबर उलटला की तिथे ऊन येतं का कधी? बूट घालूनसुद्धा एकदा पाय सरकला माझा. आणि तू म्हणतेस अनवाणी!"

"राख टाकू या वर."

"काळी राख, आणि बाईंच्या हातात दुर्बीण. कवितेत राख आहे का गं?"

"तोंड फार चालतंय तुझं. बाझेलला असं चाललं तर दुसऱ्या दिवशी परत पाठवतील."

ट्रीनीने बटाट्याचा करपलेला तुकडा उचलून तोंडात टाकला. "मला भीती वाटते, आई. खरंच वाटते," ती हळूच म्हणाली.

मादलेनने झारा ठेवला. आता इथे तिने पोरीला पोटाशी धरायला हवं होतं. पण भीतीला भीतीच उत्तर देते. "आणि मला वाटत नाही? रोझलीच्या तोंडावरचं फडकं मी बदलत होते, तू नव्हतीस. पाच मिनिटं उभं राहायचं आहे, पाच मिनिटं! त्यानंतर जन्मात तो खडक बघू नकोस. नाहीतर सोमवारी त्या मुकादमाकडे जा आणि काड्या बुडवत बस."

कास्पर कोपऱ्यात बाहुलीची मान शिवत होता. चाळीस वर्षं धबधब्याच्या कानाशी काढल्यामुळे त्याला शिंगाशिवाय फारसं काही ऐकू येत नसे. "काय बुडालं?" त्याने विचारलं.

"तुमचं नशीब!" मादलेन ओरडली.

ट्रीनी फिसकन हसली, आणि हसली म्हणजे कबूल झाली.

दुपारी वर जाताना मादलेनही बरोबर गेली. धोंड्याआड पोरीची वेणी घातली, झगा सारखा केला, आणि बूट काढून घेतले. ट्रीनी म्हणाली, "इथेच ठेव ना, धोंड्यामागे." मादलेन आपल्या पोरीला ओळखून होती. आई खाली गेली की ही बया बूट चढवणार आणि झगा ओढून झाकणार, आणि दुर्बिणीतून ते दिसणार. तिने बूट आपल्या टोपलीत टाकले. "खाली आलीस की देते."

"पाय गारठलेत आत्ताच."

"बाझेलला रोज गरम पाण्यात बुडव."

कठड्यापाशी पंचवीस-तीस माणसं जमली होती. वर्षातला शेवटचा खेळ. वर्टमानबाई सगळ्यांत पुढे, घडीच्या खुर्चीवर. मेल्क नेहमीप्रमाणे धबधब्याकडे पाठ करून उभा होता, कारण शिंगाचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायला हवा. त्याला वरचं काही दिसत नसे. तो आपला कडवी मोजायचा.

वर पांढरा झगा दिसला. मादलेनने सुरुवात केली. पहिलं कडवं नीट गेलं. ट्रीनीने झग्यात वारा घेतला, मान वळवली. वर्टमानबाईंची दुर्बीण खाली पायांपर्यंत गेली आणि तिथे थांबली. त्या हलकेच मान डोलवायला लागल्या. झालं गं बाई, मादलेनच्या मनात आलं, झालं काम. दुसरं कडवं तिने खुशीतच उचललं, दुःखाचं होतं तरी.

त्या कडव्याच्या मध्यावर ती पांढरी आकृती सुटली.

धारेला लागून एकदा फिरली, फेसात गेली. लोक एकदम 'हा' करून उठले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मादलेनचा सूर कणभर हलला. तिला संताप आला. म्हाताऱ्याने घोळ घातलाच! शिंग नाही, काही नाही, दीड कडवं राहिलेलं, आणि टाकली बाहुली. बहिरा तो बहिरा, आता डोकंही गेलं. हातातोंडाशी आलेला घास या माणसाने घालवला! नाही, नाही, सावरून घ्यायला हवं. बाईंना कळता कामा नये. असंच असतं असं वाटलं पाहिजे. आणि मादलेनने आवाज चढवला. दुसरं कडवं संपवलं, तिसरं धरलं. कधी नव्हे इतकं गोड म्हटलं तिने ते, असं नंतर लोक सांगायचे. म्हणताना ती वर बघत होती. ट्रीनी धोंड्याआडून डोकं काढेल, हात हलवेल, म्हणजे आपल्यालाही डोळे वटारता येतील. ट्रीनी काही डोकं काढेना. शहाणी आहे पोर, नवरी पडल्यावर दिसायचं नाही हे कळतं तिला, असं मादलेनने मनाशी म्हटलं, आणि शेवटची ओळ लांबवली.

तिसरं कडवं संपलं. मेल्कने गाल फुगवून शिंग फुंकलं.

आणि वरून, अगदी वेळेवर, बाहुली पडली. हात ताठ, मान ताठ, गवताची.

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून एक तरुण ओरडला, "अरेच्चा, दुसरी नवरी!" आणि हशा पिकला. एकजण म्हणाला, "नवरदेवाने दोन केल्या होत्या वाटतं!" वर्टमानबाईंनी दुर्बीण खाली केली. त्या चिडल्या होत्या. "हा काय पोरखेळ?" त्या वळून म्हणाल्या, आणि मादलेनचं तोंड बघून तशाच थांबल्या.

मादलेन धावत होती. टोपली हातातच राहिली होती, आत बूट एकमेकांवर आपटत होते. गिरणीपर्यंतची वाट तिने कशी कापली ते तिलाही सांगता आलं नसतं. ती जाळीजवळ पोचली तेव्हा पाण्यावरून पांढरं काहीतरी वळण घेत येत होतं. "ट्रीनी!" ती कमरेइतक्या पाण्यात शिरली, झगा मुठीत धरला आणि ओढला. हलका लागला. मान कास्परच्या टाक्यांनी शिवलेली होती.

गवत तरंगतं. दुसरी आली नाही. संध्याकाळ झाली, मेल्क आला, कास्पर वरून उतरून आला. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "मी शिंगावरच टाकली गं. शिंगावरच टाकली. मला धोंड्यापलीकडचं दिसत नाही. ती पाऊल मागे घेईल म्हणून मी वाट बघत होतो." त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ट्रीनी धबधब्याखालच्या डोहाच्या तळाशी सापडली. बूट घातल्याशिवाय मादलेन पेटी बंद करू देईना. पण पाय सुजले होते. बूट चढेनात. मग ते तसेच घरी राहिले.

वर्टमानबाई दुसऱ्याच दिवशी निघून गेल्या होत्या. जाताना त्यांनी शोकाचं, काळ्या काठाचं एक पत्र ठेवलं. ते मादलेनने चुलीत घातलं.

खेळ अर्थातच बंद झाला. हॉटेलवाल्याला वाटलं, आता आपलं दिवाळं वाजणार. कसलं दिवाळं! पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट माणसं आली. कुठल्याशा मासिकात कुणीतरी सगळं छापलं होतं, दोन नवऱ्या आणि गाणारी आई. लोक आता कवितेसाठी येत होते की त्या लेखासाठी, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. कठड्यापाशी उभं राहून ते वर बोट दाखवायचे आणि आवाज खाली आणून बोलायचे.

मादलेन गात नव्हती. जूनअखेर ती कठड्यावरच्या उतारावर गवत कापायला गेली. उतार चढा होता, म्हणून पायांत ट्रीनीचे खिळ्यांचे बूट. एका मापाने लहान, त्यामुळे बोटं आखडून चालावं लागे. खाली एक तरुण जोडपं उभं होतं, नुकतंच लग्न झालेलं असावं. त्या मुलीने मान वर करून हाक मारली.

"आजी, तुम्ही इथल्याच ना? ते नवरीचं खरंच घडलं होतं का हो?"

मादलेनने विळा थांबवला. सवयीने तिचा हात छातीशी गेला. नजरही खाली गेली. मुलगी वाट बघत होती, तिचा नवरा हसून काहीतरी पुटपुटत होता. वीस वर्षं म्हटलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं, आणि आता त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

"छे गं," मादलेन म्हणाली. "कवीने रचलंय सगळं. इथून कुणी पडलं नाही. एक गाय पडली होती, तीही फार वर्षांमागे."

"गाय!" मुलगी निराश झाली. नवरा मोठ्याने हसला.

मादलेन पुन्हा वाकली आणि गवत कापायला लागली.