खुंटीवरच्या डब्या

गळ्यात काडेपेटीएवढी डबी अडकवली तेव्हाच विल्यो म्हणाला होता, "गुरांच्या गळ्यात घंटा बांधतात, तसलाच प्रकार हा." शेजारी उभा ताउनो हसला नाही. तो एरवीही हसत नसे. फिनलंडमधल्या वार्काउसच्या कागद गिरणीत दोघं एकोणतीस वर्षं एकाच यंत्रावर उभे राहिले. तिथल्या खडखडाटात बोलायची सोयच नव्हती. आता वृद्धाश्रमात एकाच टेबलावर समोरासमोर बसून कॉफी पीत, तीही एक शब्द न बोलता. छान चाललं होतं दोघांचं.

डब्या आणल्या होत्या हेनरिक्का नावाच्या संशोधक बाईने. वय फार तर तीस. डबीला शब्द कळत नसत, पण कोण कुणाजवळ बसतं, कुणाकडे तोंड करतं, किती वेळ बोलतं, हे सगळं ती टिपायची. त्यावरून संगणक ठरवायचा, कुणाचं कुणाशी जमतं आणि कोण एकटं पडलंय. हा संगणक शिकला कुणाकडून? विद्यापीठातल्या पोरापोरींकडून, ज्यांची तोंडं झोपेतसुद्धा बंद नसतात! त्याला या दोघांतलं काय कळणार, कप्पाळ?

सहा आठवड्यांनी आश्रमाच्या व्यवस्थापक पायविक्कीबाईंनी विल्योला बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. माणूस म्हणजे ठिपका, मैत्री म्हणजे रेघ. विल्यो आणि ताउनो यांच्या ठिपक्यांमध्ये रेघच नव्हती.

"तुम्हाला आम्ही तळ्याकाठच्या इमारतीत हलवतोय," बाई म्हणाल्या. "तिथे गाणारी-बोलणारी मंडळी आहेत. सोमवारी सामान नेऊ."

"आणि सॉना?"

"तिथेही आहे ना. मंगळवारी."

इथला सॉना, म्हणजे वाफेचं स्नान, गुरुवारी असे. दर गुरुवारी चार वाजता दोघं कपडे काढून खुंटीला लावत. डब्या भिजू द्यायच्या नाहीत, म्हणून त्याही तिथेच. तासभर त्या डब्या भिंतीवर मुक्या लोंबकळत, आणि आत, वाफेत, लाकडी फळीवर बसलेले दोन उघडे म्हातारे बोलत.

ताउनोच जास्त. वर्षभर त्याचं हेच चाललं होतं. "विल्यो, आज कुठला बूट कुठल्या पायात, तेच कळेना बघ." "काल पोराचा फोन आला. दहा मिनिटं बोललो. कोण बोलत होतं, देव जाणे." मग विल्यो त्याच्याकडून शांतपणे उजळणी करून घ्यायचा. पोराचं नाव पेक्का. नातीचं ऐला. पांढरी गोळी सकाळी, पिवळी रात्री. त्या उजळणीवर ताउनोचा आठवडा निघायचा. उठताना तो दर वेळी म्हणायचा, "कुणाला सांगू नकोस हं. विसरभोळ्यांच्या त्या कुलुपाच्या मजल्यावर नेऊन टाकतील मला." विल्यो तापल्या दगडांवर पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "नाही रे सांगत." सॉनात बोललेलं बाहेर आणायचं नाही, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

विल्यो तडक हेनरिक्काकडे गेला. "पोरी, मला हलवू नका."

"अहो आजोबा, तुम्ही दोघं बोलतच नाही. सहा आठवड्यांत मिळून चार मिनिटं. त्यातही तुमचा खोकला धरला असेल."

"सॉनात बोलतो."

"अरे वा! काय बोलता?"

"ते सॉनातलं."

ती लाल झाली. तिचाही आजोबा सॉनातच बसत असणार की! विचारू नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी पेन काही खाली ठेवलं नाही. "नुसतं 'बोलतो' म्हणून कसं भागेल, आजोबा? नोंदवता येईल असं काहीतरी द्या. मग मी पायविक्कीबाईंना सांगून बघते."

तीन दिवस विल्यो तोंड दाबून बसला. रविवारी दारात रिकामी खोकी आणून ठेवली, तसा त्याचा धीर सुटला. आपण गेलो तर ताउनोला पेक्काचं नाव कोण सांगणार? तो हेनरिक्का आणि पायविक्कीबाईंपुढे जाऊन बसला आणि सगळं बोलला. बूट, फोन, गोळ्या, उजळणी, सगळं. पाणी मागण्यापलीकडे न बोलणारा माणूस, घड्याळ लावून अकरा मिनिटं बोलला.

हेनरिक्काने डोळे पुसले. "किती सुंदर आहे हो हे!" पायविक्कीबाईंनी डोळेबिळे पुसले नाहीत. त्या लिहून घेत होत्या.

विल्योला हलवलं नाही. हलवलं ताउनोला. बाईंचा तरी काय दोष? असं काही कानावर आलं की तपासणी करावीच लागते. आठवड्याच्या आत ताउनो कुलुपाच्या मजल्यावर गेला. विल्योचं टेबल राहिलं, गुरुवार राहिला. आता खुंटीवर एकच डबी लटकते.

महिन्याने भेटीची परवानगी मिळाली. "कुणालाच ओळखत नाहीत," दार उघडता उघडता परिचारिका म्हणाली. "परवा मुलगा आला, तर त्यालाच डॉक्टर म्हणाले."

विल्यो समोर बसला. ताउनोने वर पाहिलं.

"विल्यो," तो म्हणाला.

विल्योचा जीव केवढा हरखला! त्याने खुर्ची पुढे ओढली.

"तू सांगितलंस," ताउनो म्हणाला.

मग खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा वळला, आणि जसं काही आत्ताच कळलंय तसं म्हणाला, "विल्यो. तू सांगितलंस." तासभर हेच. पेक्का विसरला, ऐला विसरली, एवढं मात्र राहिलं. विल्यो दर वेळी म्हणायचा, "हो रे. सांगितलं." उठून जायची त्याची टाप नव्हती. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला, त्याच्या पुढच्याही.

डब्या अजून दोघांच्या गळ्यात होत्या. हेनरिक्का नवीन चित्र घेऊन धावत आली. "आजोबा, बघा तरी! तुमची दोघांची रेघ! अख्ख्या आश्रमात एवढी जाड कुणाचीच नाही."