शालीची जागा

मी एक जुना बाक आहे. एका मोठ्या, धर्मनिष्ठ, एकत्र कुटुंबाचा मी आयुष्यभर आधार होतो. म्हणजे ते माझ्यावर बसत.

मित्रांनो, माझा जन्म मोठ्या खोलीच्या मापाने झाला. घरातल्या बाबांनी सुताराला बोलावलं आणि खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत हात फिरवून सांगितलं, एवढा लांब हवा, एकच हवा. सुतार म्हणाला, त्यापेक्षा खुर्च्या करा, हलवायला सोप्या. बाबा म्हणाले, खुर्ची माणसाला वेगळं करते, बाक माणसाला धरून ठेवतो. सुताराने मान डोलावली आणि सागवान म्हणून मला करून दिलं. मी सागवान नाही. ते गुपित सुतार, मी आणि पॉलिश या तिघांतच राहिलं.

रोज संध्याकाळी त्या घरात प्रार्थना होई. बाबा खिडकीकडच्या टोकाला बसत. मग वयाप्रमाणे काका, थोरला मुलगा, त्याच्यामागची भावंडं, सुना, काकू, आणि अगदी शेवटी, स्वयंपाकघराच्या दाराशी, आई. चिल्लीपिल्ली समोर जमिनीवर. जे पोर बाकावर बसायला लागलं ते मोठं झालं, असा त्या घरचा हिशेब होता. शाळेच्या दाखल्यापेक्षा माझा शब्द जास्त चाले.

नियम दोनच होते. पहिला, प्रार्थना सुरू झाली की कुणी उठायचं नाही आणि दार उघडायचं नाही. मग दूध उतू जावो, नाहीतर नळ वाहो. एकदा अंगणातून सायकल चोरीला गेली. साखळीचा खळखळाट सगळ्यांनी शांत चित्ताने ऐकला. शेवटी बाबांनी त्या चोरासाठीही देवाकडे दोन शब्द टाकले. चोर मात्र पक्का अभ्यासू असला पाहिजे, आमची वेळ त्याला घरच्या पोरांपेक्षा चोख पाठ होती.

दुसरा नियम, बाकावर फट ठेवायची नाही. कुणी नोकरीला परगावी गेलं, कुणी सासरी गेली, कुणी देवाघरी गेलं, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सरकून जागा भरायची. बाबा म्हणत, रिकामी जागा दिसली की मन तिथेच जाऊन बसतं. काका गेले तेव्हा काकू तेराव्या संध्याकाळीही रडत होत्या, पण सरकल्या होत्या.

मला कुणाचा चेहरा दिसत नाही. मी माणसं खालून ओळखतो. पण एक सांगतो, माणूस चेहऱ्याने खोटं बोलतो, बसण्याने बोलू शकत नाही. थोरला परीक्षेत नापास झाला तेव्हा निकालाच्या आधी मला कळलं होतं. तो नुसता कडेला टेकला होता. काकूंचं गुडघेदुखीचं नाटकही मला ठाऊक होतं. प्रार्थना संपून वाढायची वेळ आली की गुडघे दुखत, आणि जेवणाची हाक आली की त्या सगळ्यांच्या आधी उठत.

काकू आणि आई यांच्यामध्ये भिंगरी बसे. आईची धाकटी. भिंगरी हे नाव तिला कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण बदलावंसंही कुणाला वाटलं नाही. ती बाकावर बसायला लागली तेव्हा तिचे पाय जमिनीला पोचत नसत. सगळी प्रार्थना ती टाचांनी माझ्या पायावर ताल धरी. टक टक, थोडं थांबून, टक. आईने गुडघ्यावर हात ठेवला की थांबे. हात निघाला की पुन्हा सुरू.

एकदा प्रार्थना संपल्यावर तिने विचारलं, "बाबा, देव सगळीकडे असतो ना? मग दार उघडलं तर तो जाईल कुठे?"

काकूंना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. बाबा म्हणाले, प्रार्थनेत प्रश्न नसतात. भिंगरी म्हणाली, प्रार्थना तर संपली. त्यावर बाबांनी तिला जेवायला पाठवलं. मोठ्या माणसांकडे उत्तर नसलं की मुलांना भूक लागते.

ती मोठी झाली, पाय जमिनीला टेकले, शिकून परगावच्या दवाखान्यात परिचारिकेच्या कामाला लागली. सुट्टीत घरी यायची आणि आपल्या जागी बसायची. पण मला कळत होतं. पूर्वी ती माझ्यावर हलायची, आता अजिबात हलत नसे. पाहुणा बसतो तशी बसायची. एका संध्याकाळी सगळे जमले तेव्हा ती उभीच राहिली. म्हणाली, मला आता यातलं काही खरं वाटत नाही, आणि खोटं खोटं बसून तुमचा अपमान करायचा नाही मला.

तिने हे अगदी आदराने सांगितलं. म्हणूनच ते जास्त लागलं असावं.

बाबांनी आवाज चढवला नाही. "बाकावर बसायचं नसेल, तर या घरात राहायचं कशाला?" एवढंच म्हणाले आणि प्रार्थना सुरू केली. प्रार्थना सुरू झाल्यावर कुणी उठायचं नाही, त्यामुळे भिंगरी आतल्या खोलीत सामान भरत होती ते सगळ्यांनी बसून ऐकलं. प्रार्थना संपली तेव्हा ती गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी जागा भरायला हवी होती. सगळे आपापल्या जागी होते, फक्त आईने काकूंच्या बाजूला सरकायचं होतं. आई सरकली नाही. तिने अंगावरची शाल काढली, घडी केली आणि मधल्या जागेवर ठेवली. बाबांनी खिडकीकडून पाहिलं.  आई म्हणाली, थंडी वाजली तर हाताशी असावी.

बाहेर उन्हाळा होता.

बाबांनी प्रार्थना सुरू केली. त्या दिवसापासून ती जागा शालीची झाली. पाहुण्याने चुकून तिथे बसायला वाकावं, तर काकू म्हणायच्या, "तिथे नको हो, तिथे आमची थंडी बसते." सगळे हसायचे. आईही हसायची. पण तिचा हात शालीवर असायचा. गुडघ्यावर ठेवावा तसा.

मित्रांनो, अशी वर्षं गेली. माझं पॉलिश गेलं आणि आतला मी उघडा पडलो, तरी कुणी सुताराला जाब विचारला नाही. सुना वेगळ्या झाल्या, पोरं शहरं शोधत गेली. सरकून सरकून सगळे बाबांच्या टोकाला जमा होत. पण शाल आणि आई आपल्या जागी राहिल्या. मधे रान पडलं होतं. काकू आईजवळ बसत. वयाचा क्रम मोडला म्हणून कुणी हरकत घेतली नाही, कारण क्रम लावायला तेवढी माणसंच नव्हती.

काकू भिंगरीला चोरून फोन करत. चोरून म्हणजे, बागेतल्या नळापाशी उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. बाबा तेवढ्या वेळात वर्तमानपत्र उलटं धरून वाचत.

मग आईची तब्येत ढासळली. श्वास लागायचा, बसताना मला दोन्ही हातांनी धरावं लागायचं. एक दिवस तिने काकूंना सांगितलं, तिला बोलवा. म्हणावं, बाकावर बसू नकोस, नुसती येऊन जा. काकू नळापाशी गेल्या. परत येऊन म्हणाल्या, येते म्हणाली. शनिवारी दुपारच्या गाडीने येते, प्रार्थनेच्या आधी पोचते. आणि विचारत होती, आईला अजून तेवढीच थंडी वाजते का.

त्या शनिवारी आईने शाल ठेवली नाही. जागा झटकून, पुसून मोकळी ठेवली. दुपार गेली. गाडीला उशीर झाला असेल असं थोरला तीनदा म्हणाला. उजेड उतरला. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग जन्मभर केलं तेच केलं. दार लावलं आणि प्रार्थना सुरू केली.

प्रार्थना मध्यावर आली असेल तेव्हा दार वाजलं.

टक टक. थोडं थांबून, टक.

माझ्या पायाला ती थाप ओळखीची होती. सगळ्यांनाच होती. थोरल्याच्या पोटऱ्या ताठ झाल्या. काकूंनी माझी कड घट्ट आवळली. बाबांचा आवाज अडखळला आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक अख्खं कडवं गाळलं. पुढच्यावर उडी घेतली. आणि तुम्हाला नवल वाटेल, सगळे त्यांच्याबरोबर उडाले. एकही सूर चुकला नाही. मग आणखी एक कडवं गाळलं. सगळं घर जिवाच्या आकांताने प्रार्थना संपवायला पळत होतं. उठत कुणी नव्हतं.

आणि आई. मी तिचं वजन ओळखतो. ते माझ्यावरून जरासं उचललं गेलं. बोटभर. मग परत आलं. कुणी तिला धरलं नाही, कुणी काही म्हणालं नाही. ती आपली आपणच पुन्हा बसली.

शेवटचा शब्द संपायच्या आत थोरल्याने दार उघडलं. पायरीवर एक कागदी पिशवी होती. थोरला अनवाणी चौकापर्यंत धावला आणि तसाच परत आला. पिशवीत नवीकोरी, जाड, लोकरीची शाल होती.

काकूंनी त्या रात्री फोन लावला, दुसऱ्या दिवशी लावला, पुढचा आठवडाभर लावला. एकदाच तिने उचलला. "काकू, मी वाजवलं होतं," म्हणाली आणि ठेवला. मग उचललाच नाही.

रविवारी संध्याकाळी आई आली, मला धरून बसली आणि काकूंना चिकटेपर्यंत सरकली. फट राहिली नाही.

बाबांनी विचारलं, "शाल कुठे आहे?"

"नाही वाजत आता थंडी," आई म्हणाली.

तेव्हा कडाक्याचा हिवाळा होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी प्रार्थनेआधी उठून दार सताड उघडलं आणि मधे वीट लावून ठेवली.  त्यानंतर रोज उघड्या दारात प्रार्थना झाली. शेजारचं मांजर येऊन बसू लागलं. वारा येई, दिवा फडफडे, काकू शिंकत. देव कुठे गेला का? माहीत नाही. तो आधी आलेला होता का, तेही मला सांगता येणार नाही. मी लाकूड आहे, आणि सागवानही नाही. एवढं सांगतो की दार उघडं होतं आणि कुणी आलं नाही.

हिवाळा संपता संपता आई गेली.

भिंगरी आली. सगळं उरकल्यावर, माणसं पांगल्यावर आली. केस मधोमध पांढरे झालेले, काकूच म्हणाल्या तसं. ती बाकावर बसली, आपल्या जुन्या जागी, आणि काकू शेजारी बसल्या. बाबा खिडकीकडे, आपल्या टोकाला.  मग तिने काकूंना विचारलं, आवाज न चढवता, "मी दार वाजवलं तेव्हा आई उठली होती का?"

काकूंचं वजन एकदम जड झालं. मग त्या म्हणाल्या, "उठली होती गं. उठली होती. पण बाबांनी हात धरून बसवलं तिला."

गुडघ्यांबद्दल त्या इतकी वर्षं खोटं बोलल्या, पण इतकं सफाईने कधीच नाही.

मी बाबांची वाट पाहत होतो. त्यांनी भलतंसलतं ऐकून घेतलं नव्हतं कधी. ते हललेही नाहीत. म्हणाले, "हो. मीच धरला हात."

मित्रांनो, तुम्ही माझी लांबी विसरला नसाल. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. त्या टोकाचा हात या टोकाला पोचत नाही. भिंगरीचं लहानपण या बाकावर गेलं होतं. कोण कुठे बसतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती माझ्यावरून नजर फिरवत असावी, कारण ती हळूहळू बाबांच्या बाजूला वळली आणि तशीच राहिली. तिच्या टाचा एकदा माझ्या पायाला लागल्या. एकदाच.

मग "बरं," म्हणाली. उठली, बाबांच्या पाया पडली आणि गेली. पुन्हा आली नाही.

पुढचं फार नाही. बाबा गेले, काकू गेल्या. घर विकलं गेलं. थोरल्याच्या नव्या इमारतीत वर जायला लिफ्ट होती, आणि तिच्यात मी मावेना. त्याने मला मधोमध कापून घेतलं. खिडकीकडचा भाग स्वतःकडे ठेवायचा आणि आईकडचा, म्हणजे मी, भिंगरीला पाठवायचा, असं ठरलं. काकूंची शेवटची इच्छा होती ती. भिंगरीने फोनवर नको म्हटलं नाही. ठेवते दाराशी, म्हणाली.

म्हणून मित्रांनो, जाता जाता एक मागणं आहे. बाकांना अधूनमधून तेलपाणी करा, कडेला कोरू नका, आणि दार वाजलं की उठा. मग तुम्ही काहीही करत असा, कितीही पवित्र करत असा. हे मी सांगतोय, जो जन्मात एकदाही उठला नाही. म्हणूनच मला त्यातलं कळतं.

सध्या मी थोरल्याच्या त्या नव्या इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी आहे. भिंगरीच्या गावाकडे जाणाऱ्या सामानाच्या गाडीत जागा उरली नव्हती.