शाई नसलेला प्रिंटर आणि एक न उघडलेलं पाकीट

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे आणि माझ्यात शाई नाही. हसू नका! शाई संपली म्हणून नाही, ती मुद्दाम काढून घेतली होती. आमच्या जातीत असा नग विरळाच.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्याही पोटात काळी कुळकुळीत फीत होती. मला घेतलं टेलिफोन आणि इंटरनेट जोडून देणाऱ्या एका कंपनीने. पहिल्याच दिवशी एका तंत्रज्ञाने ती फीत उपसली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला वाटलं, झालं, कामाला लागण्याआधीच निकालात निघालो! पण माझं काम होतंच तसलं. कंपनीकडे नवा ग्राहक आला की त्याचं ऑनलाइन खातं तयार व्हायचं. त्यात नाव, पत्ता, कुणाकुणाला फोन केले त्याची यादी, सगळं असायचं. ते पहिल्यांदा उघडायला एक पासवर्ड लागायचा आणि तो ग्राहकाखेरीज कुणाच्याही नजरेस पडता कामा नये, असा नियम होता. म्हणून आधीच चिकटवून बंद केलेलं पाकीट माझ्यातून जाई. माझ्या सुया वरून टकटक ठोकत. वरचा कागद कोराच राही आणि आतल्या कार्बनमुळे आतल्या कागदावर अक्षरं उमटत. लिहिणारा मी, पण वाचायची सोय मलाही नव्हती. ठोके तेवढे लक्षात राहत.

माझी खोली ग्राहकांच्या खिडकीच्या मागे होती. मध्ये काच, काचेपलीकडे लाकडी टेबल, टेबलावर एक जाडजूड नोंदवही आणि त्या टेबलाशी बसणारे एक गृहस्थ. सगळे त्यांना पाकीटकाका म्हणत. पाकिटावर नावाची चिठ्ठी तेच चिकटवायचे आणि ग्राहक स्वतः आला, ओळखपत्र दाखवलं, वहीत सही केली, की मगच पाकीट हातात द्यायचे. माझा आवाज म्हणजे नुसती कर्रकर्र. शेजारच्या टेबलावरच्या बाई कानात कापूस घालून बसत. काका मात्र माझ्यावर फडकं फिरवत आणि म्हणत, "हा ओरडतो खूप, पण बोलत काही नाही. माणसांना जमत नाही ते याला जमतं." खरं सांगतो, त्या कौतुकाने मी फुगून जायचो. अशी अठरा वर्षं गेली आणि आमच्या खिडकीवरून एक पाकीट कधी चुकीच्या हाती गेलं नाही.

मग ती शिवणकाम करणारी बाई आली.

पडदे, उशांचे अभ्रे, मुलांचे गणवेश असं काय काय ती शिवायची. दंडावर मोजपट्टी तशीच गुंडाळलेली होती, काढायची राहिली असावी. नवी खोली घेतली होती, कामं फोनवर यायची म्हणून जोडणी हवी होती. अर्ज भरताना पत्त्याच्या रकान्याशी ती बराच वेळ थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, पाकीट टपालाने नका पाठवू. मी स्वतः येईन न्यायला. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका हं."

"अहो, आमच्या बायकोनेही मागितलं असतं तरी दिलं नसतं!" काका हसले. "निर्धास्त राहा."

ती हसली नाही. "माझी मुलगी असते घरी," एवढंच म्हणाली आणि गेली. का म्हणाली ते काकांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आपल्या घरातलं दुखणं खिडकीवर कोण मांडतं?

दोन दिवसांनी तिचं पाकीट माझ्यातून गेलं. आठ अक्षरं, आठ ठोके. काकांनी चिठ्ठी चिकटवून ते खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. "माझ्या बायकोचं पाकीट तयार झालं का हो?" त्याने तिचं नाव सांगितलं. मित्रांनो, नंतर कळलं, त्याला काहीएक माहीत नव्हतं. ती घर सोडून गेली होती, तिला फोन लागणारच, एवढ्यावर तो अशा खिडक्यांवर रिकामा गळ टाकत फिरत होता. आणि आमच्या काकांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हो, झालंय की."

"ती तापाने फणफणलीय. उठवत नाही. मला म्हणाली, जरा जाऊन घेऊन या." त्याने तिचं जुनं ओळखपत्र पुढे केलं. दोघांचा एकत्र फोटोही दाखवला. "अर्जाची पावती मात्र कुठे ठेवलीय ते तिलाच आठवत नाही बघा."

काका घुटमळले. मी काचेतून पाहत होतो, त्यांचा हात खणावर थांबला होता. काकांची बायको वर्षभर अंथरुणाला खिळून होती आणि तेव्हा खिडकी-खिडकीवर त्यांना ऐकवलं गेलं होतं, पेशंटला घेऊन या. शेवटी ती गेली, तेव्हाही काका कुठल्याशा रांगेत उभे होते. हे ते कधीमधी मलाच सांगत, फडकं फिरवता फिरवता. दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये असं त्यांना मनापासून वाटे.

"घरच्याच माणसाला कसली अडवणूक करायची," ते पुटपुटले. "थांबा, खातं उघडायला लागणारा ग्राहक क्रमांकही लिहून देतो, तिला शोधत बसायला नको." वहीत त्या माणसाने तिच्या नावापुढे 'करिता' असं लिहून आपली सही ठोकली.

मला ओरडता येतं हो, पण कुणी कळ दाबली तरच.

तीन वाजता ती आली. दंडावर मोजपट्टी होतीच. "काका, माझं पाकीट."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि रंग उडाला. "तुम्ही... तुम्हाला बरं वाटतंय का आता? तुमचे मिस्टर नेऊन..."

ती किंचाळली नाही. टेबलाची कड धरली. "किती वाजता?"

"एकला."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेतीनला शाळा सुटते," असं स्वतःशीच म्हणाली आणि पळाली. पायरीवर तिची एक चप्पल सुटली, ती घ्यायलाही थांबली नाही. काका तिच्या मागे दारापर्यंत धावले, मग परत येऊन वरच्या कचेरीत फोन लावला आणि ते खातं बंद करा, बंद करा, असं ओरडत राहिले. खातं लगेच बंद झालं. पण तोवर त्याने ते उघडून पत्ता वाचला होता. वाचलेलं कुणाला परत मागता येत नाही, मित्रांनो.

नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी नवा पासवर्ड आला. मी नव्या पाकिटावर आठ ठोके दिले. इतकं जड पाकीट माझ्यातून कधी गेलं नव्हतं. काकांनी चप्पल टेबलाखाली नीट पुसून ठेवली होती. दोन दिवस दाराकडे बघत बसले.

आली ती तिची घरमालकीण. कंपनीने दिलेलं इंटरनेटचं यंत्र तिने टेबलावर आपटलं. "हे घ्या तुमचं. खोली रिकामी झाली."

"दोघी कशा आहेत?" काकांनी विचारलं.

"सुखरूप निघाल्या. पोरीला शाळेतून परस्पर घेऊन गेली ती. घरी आला होता तो, दार तोडलं. कुणी सापडलं नाही म्हणून शिलाई मशीन फोडून गेला. पोट चालायचं तिचं त्याच्यावर."

"कुठे गेल्या? मला एकदा त्यांची माफी..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला सांगायची नाही. तुमच्याजवळ काही राहत नाही."

काकांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांनी माझ्यावर फडकं फिरवलं नाही. त्यानंतर फिरवलं, पण माझं कौतुक कधी केलं नाही.

पुढे भिंतीवर लाल अक्षरांत मोठा फलक लागला: पाकीट फक्त ग्राहकालाच मिळेल. बैल गेला आणि झोपा केला! नियम तर आधीही तोच होता. चौकशी झाली, काकांना ताकीद मिळाली. त्यांनी एका शब्दानेही आपली बाजू मांडली नाही. न नेलेली पाकिटं तीस दिवसांनी फाडायची असतात. काकांनी बाकी सगळी फाडली, पण तिचं ते दुसरं पाकीट माझ्या तळाशी, कागद ठेवायच्या कप्प्याखाली सरकवलं. "ती येईल असं नाही," ते मला म्हणाले. "पण आली तर तिचं तिला मिळायला हवं." आणि तिथेच, काचेआड, ढसाढसा रडले. नोकरीच्या शेवटच्या दिवशी निघताना त्यांनी ती चप्पल पिशवीत घालून बरोबर नेली.

आता पासवर्ड थेट ग्राहकाच्या फोनवर जातो. माझी गरज उरली नाही. माझ्यावर प्लास्टिक घातलंय, वर एक खोका ठेवलाय, सुया गंजल्यात. उद्या-परवा भंगारवाला येईल. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या दुपारचं.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाची तरी किल्ली असेल, कुणाचा पत्ता, कुणाचं गुपित. कुणी गोड बोलून मागेल, मी तिचा भाऊ, मी तिचा नवरा, मी घरचाच म्हणेल. दया जरूर करा. पण देण्याआधी जिचं आहे तिला एकदा विचारा. आमच्या काकांना एक फोन करायचा होता फक्त. तिचा नवा नंबर समोरच्या वहीत होता.

ते पाकीट अजून माझ्या तळाशी आहे. आतली अक्षरं आता कुठलंच खातं उघडत नाहीत. तरी ते आठ ठोके मला क्रमाने पाठ आहेत. तिच्याशिवाय कुणाला द्यायचे नाहीत, असं ठरलं होतं. म्हणून मित्रांनो, रागावू नका, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.