त्रेचाळीस किलो

मी प्रगतिपुस्तक बोलतोय. माझ्यावर पटकन विश्वास ठेवू नका. आता मीसुद्धा ठेवत नाही.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझी पानं कोरी होती. तेवढेच दिवस मी खरा होतो. मग नववीच्या वर्गशिक्षिका बाईंनी माझ्यावर एका मुलीचं नाव घातलं. घरी तिला ताई म्हणत.

बाई पन्नास जणांची पुस्तकं एका बैठकीत भरायच्या. कपातला चहा निवायच्या आत पन्नास शेरे! 'प्रगती समाधानकारक.' माझ्या शेवटच्या पानावर वजनाची चौकट आहे. पहिल्या सत्रात बेचाळीस किलो होतं. दुसऱ्या सत्रात बाईंनी वजनकाटा कपाटातून काढलाच नाही. मागचा आकडा बघितला, त्यात एक मिळवला आणि पुढचं पुस्तक ओढलं.

घरी धाकट्या भावाने मला वाचून दाखवलं. त्याने शाळा पाचवीतच सोडलेली, पण आकडे त्याला येत.

"हिचे कपडे सैल व्हायला लागलेत," आई म्हणाली. "डॉक्टरला दाखवू या का?"

"अगं, एक किलो वाढलंय!" बाबा म्हणाले. "शाळेने काय डोळे मिटून लिहिलंय?"

"ताई, चोरून खातेस वाटतं," धाकटा म्हणाला.

ताईही हसली, आणि हसताहसता भिंतीला टेकली. ते फक्त मी पाहिलं.

दोन महिन्यांनी इस्पितळातल्या काट्यावर ताई एकतीस किलो भरली. "इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी पिशवीतून मला काढून पुढे केलं. डॉक्टरांनी शेवटच्या पानावरचा त्रेचाळीसचा आकडा बघितला आणि मला मिटून परत दिलं. आठ दिवसांत ताई गेली.

महिना होतो न होतो तोच शाळेचा शिपाई दारात.

"प्रगतिपुस्तक द्या. शिक्का राहिलाय."

धाकट्याने माझं पान न् पान उलटलं. "सगळीकडे आहे की. कुठला राहिला?"

"मला काय माहीत! बाईंनी मागवलंय."

"गेलेल्या पोरीचं कशाला मागवलंय?"

शिपायाने नुसता हात पुढे केला. मला मात्र बाईंच्या खणातली व्हाइटनरची बाटली आठवली.

"देऊन टाक रे," बाबा म्हणाले. "आता काय उपयोग?"

"नाही देत!" धाकटा ओरडला. "काका, बाईंना सांगा, काटा बाहेर काढा. राहिलेल्या एकोणपन्नास जणांचं वजन माझ्यासमोर करा. मग घेऊन जा."

काटा काही निघाला नाही. म्हणून आज पालकसभेच्या दिवशी धाकटा शाळेच्या फाटकाशी उभा आहे. त्याच्या हातात मी, शेवटच्या पानावर उघडलेला. बरेच जण मान वळवून जातात. "वेडा झालाय पोरगा," कुणीतरी कुजबुजतं.

एक आई मात्र थांबली. तिने माझा आकडा वाचला. मग आपल्या मुलाचं पुस्तक उघडलं. त्यातही तेच: बेचाळीस, त्रेचाळीस. तिने पुस्तक काखेत मारलं आणि मुलाचं मनगट हातात धरून बघितलं.

तुम्हीही तेवढंच करा. सही नंतर करा.