क्लिपा लावलेल्या कळ्या

खट्. काचघराची कडी वाजली आणि सकाळची शांतता मोडली. चहाचं आधण गॅसवर तसंच टाकून ती मागच्या दाराकडे धावली.

काल संध्याकाळी तिने भोपळ्याच्या दोन कळ्या, एक नर, एक मादी, मुलीच्या केसांच्या क्लिपा लावून बंद केल्या होत्या. सकाळी उघडून नराचा पराग मादीला लावायचा आणि ती पुन्हा मिटायची, म्हणजे परका पराग आत शिरत नाही. ही बाबांची शिकवण. वाणही बाबांचाच, जन्मभर जपलेला. त्यांच्याकडचं बी उंदरांनी फस्त केलं. तिच्या डब्यातल्या चिमूटभर बियांतून एकच वेल जगला, आणि त्याच्याही पानांवर आता भुरीचा पांढरा रोग चढत होता. मादी फूल आलं ते एवढंच. बाबांचा रोज फोन. नवरा म्हणायचा, "घरात भोपळ्याचं बाळंतपण आहे, जरा हळू बोला."

काचघरात मुंगी उभी होती. नको तिथे शिरते, म्हणून लेकीचं नाव मुंगी. दोन्ही क्लिपा केसांत, हातात ब्रश, नाकाचा शेंडा पिवळाधमक.

"आई, तुला त्रास नको म्हणून मीच केलं!"

"काय केलंस गं?"

"लग्नं लावली. सगळ्यांची."

तिने दाराकडे वळून पाहिलं. तिथेच बाजारच्या बियाण्याचा, भोपळ्याचा दुसरा वेल फुलांनी लगडला होता.

"आधी कुठल्या फुलात ब्रश घातलास? नीट आठव, राणी."

"ह्या दाराजवळच्या... नाही, आजोबांच्या. मग... तू अशी बघू नकोस ना! मला नाही आठवत."

ती गुडघ्यांवर बसली. मादी फुलाच्या पोटात पिवळं पीठ माखलेलं. पण कोणाचं? दोन्हीकडचं सारखंच पिवळं. तिने बाबांच्या वेलाचं नर फूल खुडलं, पाकळ्या सोलल्या आणि ते मादी फुलाच्या आत फिरवलं. आधी चिकटलेलं काही निघणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. मुंगीच्या केसांतली एक क्लिप काढून तिने फूल मिटलं.

खिशातला फोन वाजला.

"उमललं का गं?"

"हो बाबा."

"पराग लावलास? नीट बंद केलंस?"

"केलंय."

"शाब्बास! आता जरा पडतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला."

आत आधण आटून भांडं करपल्याचा वास येत होता. ती उठली नाही. मुंगी तिला बिलगून बसली.

"आई, भोपळा होईल?"

"होईल बहुतेक."

"आजोबांच्या भोपळ्यासारखाच?"

"दिसायला अगदी तसाच. आतल्या बिया पुढच्या वर्षी पेरल्यावर मात्र काय उगवेल, कुणास ठाऊक."

मुंगीने क्लिपेवर अलगद बोट ठेवलं.

"त्या बियापण आजोबांच्याच ना गं?"